गर्दीच्या रस्त्यावर सायकल: गाडीवाल्यांशी वाजू नये म्हणून

मी सायकलही चालवतो आणि चारचाकीही, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला पाठ आहेत. सायकलवर असतो तेव्हा वाटतं, हा माणूस मुद्दाम घासून गेला. गाडीत असतो तेव्हा वाटतं, हा कुठून आडवा आला? गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. एकाला खड्डा चुकवायचा होता आणि दुसऱ्याला तो खड्डा दिसलाच नव्हता.

नव्याने सायकल काढणारा माणूस साहजिकच घाबरलेला असतो. घाबरला की तो रस्त्याच्या अगदी काठाला चिकटतो, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक कटकटी तिथूनच सुरू होतात. म्हणून या लेखातली सगळ्यात मोठी पायरी ‘कुठून चालवायची’ ही आहे. बाकीच्या तिच्या मागेपुढे येतील. वाहतूक डावीकडून चालते असं धरून लिहिलंय. उजवीकडून चालणाऱ्या देशात असाल तर बाजू उलट्या करून वाचा.

पायरी १: आधी मोकळ्या मैदानात तीन गोष्टी जमवा

पहिली गोष्ट म्हणजे सरळ रेषेत जाता जाता मागे बघणं. ऐकायला सोपं वाटतं, पण मान उजवीकडे वळली की हातही नकळत वळतो आणि सायकल उजवीकडे सरकते. गाडी नेमकी तिकडूनच येत असते. मैदानावर एक पांढरी रेघ पकडा आणि मागे एखाद्या मित्राला उभं करा. त्याने किती बोटं वर केलीत ते रेघ न सोडता सांगता आलं पाहिजे. खांदे सैल ठेवायचे आणि हनुवटी खांद्याकडे न्यायची, कमरेतून वळायचं नाही. दोन-तीन संध्याकाळी यात गेल्या तरी चालतील. हे जमल्याशिवाय गर्दीत जाऊ नका.

दुसरी गोष्ट, एका हाताने चालवणं. हात दाखवताना सायकल डगमगत असेल तर त्या हाताचा काही उपयोग नाही.

तिसरी, जोरात ब्रेक लावणं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं. म्हणूनच तो एकटा करकचून दाबला तर मागचं चाक उचललं जातं. दोन्ही ब्रेक एकत्र दाबा आणि दाबताना अंग सीटच्या मागे सरकवा. तुमचे ब्रेक चाकाच्या कडेवर घासणारे असतील तर कडा भिजल्यावर ते उशिरा पकडतात, तेव्हा पावसात पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवायचं. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणंही घसरडी होतात. त्यावरून जाताना वळू नका आणि ब्रेकही लावू नका.

दिव्यांबद्दल थोडक्यात: पुढे पांढरा, मागे लाल, आणि मागचा दिवा पिशवीने किंवा लांब शर्टाने झाकला गेलेला नसावा. हे निघताना एकदा मागे जाऊन बघायचं.

पायरी २: नकाशातला सगळ्यात जवळचा रस्ता विसरा

तुम्ही गाडीने ज्या रस्त्याने जाता तोच सायकलला चांगला असेल असं नाही. समांतर जाणारी आतली गल्ली शोधा, मग अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल. निवडताना रस्ता किती रुंद आहे यापेक्षा तिथे वाहनांचा वेग किती आहे ते बघा. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित इथे थेट अंगाशी येतं. शक्य असेल तर जिथून आधीच बऱ्याच सायकली जातात तो रस्ता धरा. जिथे सायकलवाले जास्त, तिथे एकेका सायकलवाल्याचा धोका कमी, असं २००३ साली एका शोधनिबंधात वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी मांडून दाखवलं गेलं. कारण कदाचित साधंच असेल. रोज सायकली पाहणारा ड्रायव्हर वळण्याआधी सायकल आहे का ते बघतो.

उलट्या दिशेने मात्र कधीच जाऊ नका. “समोरची गाडी दिसते म्हणून ते सुरक्षित” असं सांगणारा शहाणा प्रत्येक चौकात भेटतो. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि गाडीचा ४० धरा. एकाच दिशेने जात असाल तर दोघांच्या वेगातला फरक २५ असतो. उलट दिशेला तोच ५५ होतो. ५० मीटरवर गाडी दिसली तर पहिल्या वेळी हाताशी सात सेकंद असतात, दुसऱ्या वेळी जेमतेम सव्वातीन. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा ड्रायव्हर वाहनं ज्या बाजूने यायला हवीत तिकडेच बघत असतो. तुम्ही त्याच्या पाठीमागून उगवता.

पायरी ३: काठाला चिकटू नका

एकदा तुमचा नेहमीचा रस्ता पायी चाला, काठाकाठाने. वाळू, काचा, गटाराच्या जाळ्या, फुटपाथच्या दगडाजवळ खचलेलं डांबर, साचलेलं पाणी आणि त्याखाली काय आहे ते देवच जाणे. सगळा कचरा वाहनांच्या वाऱ्याने आणि पाण्याने काठालाच येऊन साठतो. काठाने जाणारा सायकलवाला दर थोड्या अंतरावर यातलं काही ना काही चुकवतो. त्याच्या मते तो जाळी चुकवतोय, पण मागच्याला जाळी दिसत नाही, फक्त सायकल अचानक अर्धा मीटर उजवीकडे आलेली दिसते. मग हॉर्न, मग दचकणं, मग “रस्ता बापाचा आहे का?”

म्हणून अशी रेषा निवडा की जी तुम्हाला शंभर मीटर न मोडता धरता येईल.

रस्ता रुंद असेल तर काठापासून साधारण पाऊण ते एक मीटर आत राहा. इथून जाळ्या टळतात आणि गाड्यांना बाजूने जायलाही जागा उरते. काही चुकवायची वेळ आलीच तर डाव्या हाताला थोडी मोकळीक असते.

लेन अरुंद असेल तर लेनच्या मध्यावर या. हे वाचून नवशिक्याच्या पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. पण हिशेब करा. काठापासून तुमच्यापर्यंत किमान अर्धा मीटर. तुम्ही आणि तुमचा हेलकावा मिळून एक मीटर. आरशांसकट गाडी जवळपास दोन मीटर. ओव्हरटेक करताना सोडायचं अंतर दीड मीटर. हे दीड मीटर माझ्या मनचं नाही: जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओव्हरटेक करताना किमान इतकं अंतर सोडण्याचा नियम आहे, आणि ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेतही शहरी वेगाला हाच आकडा दिलेला आहे. बेरीज झाली पाच मीटर. शहरातली लेन असते तीन ते साडेतीन मीटरची. म्हणजे तुम्ही काठाला चिकटलात तरी त्याच लेनमधून गाडी सुरक्षित जाऊच शकत नाही. तुम्ही फक्त मागच्याला “मावेल, मावेल” असा भास करून देता, आणि तो मावायला बघतो. मध्यावर असलात की त्याला आधीच कळतं की लेन बदलावी लागणार.

सगळ्यात वाईट जागा ही या दोन्हींच्या मधली. थोडं आत आलात, पण पुरेसं नाही. गाडीवाला तरीही घुसतो आणि तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून जातो. तेव्हा एक तर नीट बाजूला राहा, नाहीतर नीट मध्ये या.

मध्ये यायची पद्धत ठरलेली आहे. मागे बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग सावकाश सरका. अरुंद भागाच्या तोंडाशी पोचल्यावर नव्हे, बरंच आधी. आणि रस्ता रुंद झाला की परत बाजूला या. “सायकलचा हक्क आहे” म्हणून सगळा रस्ता मध्यातूनच चालवणारे मित्र माझेही आहेत. मला ते पटत नाही. आणि जिथे वाहनं ताशी साठ-सत्तरने धावतात तिथे मध्यावर येण्याचा हा उपाय लागू नाही, तिथे दुसरा रस्ता शोधा.

पायरी ४: उभ्या गाड्यांपासून दाराएवढं लांब

रांगेने उभ्या केलेल्या गाड्यांजवळून जाताना एक मीटर अंतर सोडा, म्हणजे गाडीचं दार पूर्ण उघडतं तितकं. दाराचा फटका लागतो हे तर आहेच, पण ते टाळायला आपण झटक्यात उजवीकडे वळतो आणि मागून येणाऱ्या वाहनापुढे जातो. ते जास्त महागात पडतं.

उभ्या गाडीकडे बघण्याची सवय लावून घ्या. मागच्या काचेतून डोकं दिसतंय का? ब्रेकचे दिवे आत्ताच विझले का? आतला दिवा लागला का? पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली आहेत का? नुकतीच थांबलेली टॅक्सी म्हणजे दार उघडणारच असं धरून चाला, आणि ते कोणत्याही बाजूचं उघडू शकतं. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा आली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. मागच्यासाठी तुम्ही गायब होता आणि मग अचानक उगवता.

पायरी ५: चौक, आणि तिथला डावीकडचा सापळा

सरळ रस्त्यापेक्षा चौकात जास्त सांभाळा. तिथे चार प्रकारचे घोळ होतात, पण त्यातला एक मी सविस्तर सांगतो, कारण तो जीव घेतो.

सिग्नल लाल आहे. पुढे ट्रक किंवा बस उभी आहे आणि तिच्या डाव्या बाजूला फुटपाथपर्यंत छान जागा आहे, जणू तुमच्यासाठीच सोडलेली. तिथे शिरू नका. लांब वाहनाला डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी ते थोडं उजवीकडे घेतो, कारण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपऱ्याच्या आतून कापत जातात. म्हणजे ती मोकळी जागा तुमच्यासाठी नाही, ती मागच्या चाकांची वाट आहे. सिग्नल सुटला की पुढचा भाग वळतो, मधला भाग तुमच्याकडे सरकतो आणि उजवीकडे पोलाद, डावीकडे फुटपाथ अशी तुमची अवस्था होते. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला डावीकडे खाली आणि अगदी पुढ्यात उभं असलेलं फारसं दिसत नाही. तुम्हाला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं समजा. मागे थांबा. इंडिकेटर नसला तरी मागेच थांबा, इंडिकेटर लावायला विसरलेले काय कमी असतात?

छोट्या गाडीचंही असंच होतं, फक्त जरा वेगळ्या तऱ्हेने. ती तुम्हाला ओव्हरटेक करते आणि लगेच तुमच्यासमोर डावीकडे वळते. यावर उपाय एकच, चौकाच्या थोडं आधी मागे बघून लेनच्या मध्यावर यायचं. मग तिला तुमच्या मागून वळावं लागतं.

समोरून येऊन उजवीकडे वळणारी गाडी किंवा गल्लीच्या तोंडाशी थांबलेली गाडी असेल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रायव्हरचं तोंड तुमच्याकडे आहे म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं नाही. समोरच्या काचेच्या बाजूचा खांब एका सायकलस्वाराला सहज झाकतो. दोघंही एकाच बिंदूकडे स्थिर वेगाने जात असाल तर त्याच्या नजरेत तुमची जागा बदलतच नाही, तुम्ही त्या खांबामागेच राहता. म्हणून चेहऱ्यावर भरवसा न ठेवता त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी हलतेय की नाही हे सगळ्यात आधी चाकावर कळतं. बोटं ब्रेकवर ठेवा आणि पेडल मारणं थांबवू नका. पेडल थांबलं की त्याला वाटतं तुम्ही त्याला जाऊ देताय.

उजवीकडे वळायचं असेल आणि तीन लेन कापण्याची छाती नसेल, तर सरळ चौक ओलांडून पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. वेळ थोडा जास्त जातो. मी वीस वर्षं चालवतोय, तरी मोठ्या चौकात आजही हेच करतो.

सिग्नलला थांबताना गिअर हलका करून ठेवा. जड गिअरवर निघणारी सायकल पहिले चार-पाच मीटर झोकांड्या खाते, आणि मागचे सगळे नेमके तेव्हाच पुढे घुसायला बघत असतात. आणि लाल सिग्नल तोडू नका. यात धोका आहेच, पण तुमच्या मागून येणाऱ्या पुढच्या सायकलवाल्याला त्याची शिवी खावी लागते, हेही आहे.

पायरी ६: मागे हॉर्न वाजायला लागला की

पहिल्या हॉर्नला दचकून बाजूला उडी मारू नका. बहुतेक हॉर्न म्हणजे नुसतं “मी आहे” असतं. डावा हात वर करून, तळवा मागे दाखवून “कळलं” अशी खूण करा आणि रेषा तशीच धरा. ही एक खूण मी कितीतरी वेळा काम करताना पाहिली आहे. माणसाला फक्त आपली कोणी दखल घेतली एवढं हवं असतं.

मागे खरंच रांग लागली असेल तर पुढे जिथे जागा रुंद होईल तिथे तुम्हीच बाजूला व्हा आणि हाताने त्यांना जायला सांगा. जागा तुम्ही निवडायची, हॉर्नने नव्हे. थोडं गणित इथेही करून ठेवा, मन शांत राहतं. २०० मीटर अरुंद रस्ता तुम्ही ताशी १५ने जाता, लागतात ४८ सेकंद. गाडीला ४०च्या वेगाने लागले असते १८. म्हणजे तुम्ही त्याचे ३० सेकंद घेतलेत, आणि पुढच्या सिग्नलला तो बहुधा तुमच्या शेजारीच उभा असणार. हे त्याला ऐकवायचं नाही, बरं का. फक्त स्वतःशी.

पायरी ७: तरीही वाजलंच तर

एका संध्याकाळी एक गाडी माझ्या हँडलला जवळजवळ घासून गेली आणि मी संतापून तिच्या डिकीवर थाप मारली. बाहेरून ती साधी थाप असते, पण आत बसलेल्याला ती धडकेसारखी ऐकू येते. त्याने गाडी माझ्यासमोर आडवी घातली. पुढची वीस मिनिटं मी त्याला अंतर सांगत होतो, तो मला पत्रा दाखवत होता, आणि आमच्यामागे अख्खा रस्ता तुंबला होता. शेवटी तो गेला. मी मात्र सायकलवर बसू शकलो नाही, पाय लटपटत होते. उरलेला दीड किलोमीटर सायकल हातात धरून चाललो.

तेव्हापासून गाडीला हात लावत नाही. बोट दाखवत नाही, आरशाला तर नाहीच नाही. पुढच्या सिग्नलला काच खाली असेल आणि माणूस बरा दिसत असेल तरच बोलतो, तेही एखादं वाक्य.

“दादा, जरा लांबून जा हो, आत्ता पडलो असतो मी.”

“मग कडेने चालवा ना!”

“कडेला जाळ्या आहेत. बघा, तिथे.”

त्याने खरंच मान वळवून बघितलं. नेहमी असं होत नाही. काही जण काच वर करतात, काही जण आईवरून बोलतात, आणि कोणी ना कोणी “रस्ता गाड्यांसाठी असतो” हे ऐकवतोच. तुमच्या माहितीसाठी: रस्ता वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलची व्याख्याच मुळी स्नायूंच्या बळावर चालणारं ‘वाहन’ अशी आहे. पण सिग्नलवर करार वाचून दाखवायला जाऊ नका. समोरचा खाली उतरायला लागला तर तुम्ही निघा. तो गाडीने पाठलाग करतोय असं वाटलं तर गर्दीच्या जागी थांबा आणि फुटपाथवर चढा. गाडीचा नंबर मनात घोकत राहण्यापेक्षा थांबल्यावर लगेच मोबाइलमध्ये बोलून ठेवा.

तुम्ही गाडीही चालवत असाल तर

दोनच गोष्टी. दार उघडताना दारापासून लांबच्या हाताने उघडा. उजव्या बाजूला बसला असाल तर डाव्या हाताने. हात आडवा न्यायला अंग वळतं, त्याबरोबर नजर आरशावरून मागे जाते. याला ‘डच रीच’ म्हणतात आणि २०२२ पासून ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही तसं करायला सांगितलंय. दुसरी गोष्ट, सायकलच्या अगदी मागे जाऊन हॉर्न वाजवू नका. बंद काचेआड तो सौम्य वाटतो. उघड्या कानाला, पाच फुटांवरून, नाही वाटत.

पायरी ८: धडक झाली तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा, जमत असेल तरच. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलू नका, बाजूच्या माणसांना वाहतूक थांबवायला सांगा. “मला काही झालं नाही” हे वाक्य लगेच बोलू नका. त्या क्षणी अंगात इतकी उत्तेजना असते की दुखणं तासाभराने कळतं. गाडीचा नंबर, जागेचे आणि वाहनांचे फोटो, बघणाऱ्या एक-दोघांचे फोन नंबर घ्या. चूक कोणाची यावर तिथे वाद घालू नका. लागलं असेल तर डॉक्टर आणि पोलीस, याच क्रमाने.

हेल्मेट आपटलं असेल तर तडा दिसत नसला तरी ते बदला. आतला फेस एकदाच दबण्यासाठी असतो. मग सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवा. ब्रेकला घासतायत का? हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का? पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) बाजूने बघा, मागे वाकलाय का? यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर त्या दिवशी तिच्यावर बसू नका, हातात धरून घरी न्या.